मायकेल फॅरेडे : पुस्तके बांधणारा मुलगा आणि त्याची वही



आज सकाळपासून तुमच्या घरात किती यंत्रं चालली, ते जरा बोटांवर मोजून बघा. डोक्यावरचा पंखा, स्वयंपाकघरातला मिक्सर, पाण्याची मोटार, मोबाइलचा चार्जर, एखाद्याच्या घरी इंडक्शनची शेगडी. गावाच्या कडेला गुरगुरत उभी असलेली डीपी तर आपण येता-जाता बघतोच. ही सगळी यंत्रं दिसायला किती वेगळी! पण त्यांच्या पोटात एकाच जोडीचं काम चालतं. तांब्याची तार आणि चुंबकाची शक्ती, ही ती जोडी.

या जोडीचं नातं ज्याने उलगडून दाखवलं, तो माणूस कॉलेजात कधी शिकला नव्हता. शाळाही त्याची जेमतेमच झाली होती. मोठमोठी गणितं त्याला शेवटपर्यंत आली नाहीत. वडील लोहार, घरात गरिबी. पण त्याला एक सवय होती. जे वाचलं, ऐकलं, ते स्वतः करून बघायचं आणि जे दिसलं ते वहीत लिहून ठेवायचं. त्याचं नाव मायकेल फॅरेडे. त्याची गोष्ट वाचताना त्या वहीवर जरा लक्ष ठेवा. ती पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

बालपण आणि शाळा

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी न्यूइंग्टन बट्स या गावी झाला. आज हा भाग लंडन शहरातच मोडतो. वडील जेम्स लोहारकाम करायचे, पण त्यांची तब्येत सारखी बिघडायची. काम बंद म्हणजे कमाई बंद. चार भावंडांचं घर आई मार्गारेट कशीबशी चालवायची. १८०१ साली इंग्लंडमध्ये धान्य फार महाग झालं. तेव्हा मायकेलच्या वाट्याला एक पाव यायचा, आणि तो त्याने आठवडाभर पुरवायचा असे. दहा वर्षांच्या वाढत्या मुलाला एक पाव, आठ दिवस! विचार करून बघा.

त्याच्या शाळेची एक गोष्ट सांगितली जाते. लहानपणी मायकेलला र चा उच्चार नीट जमत नसे. मोठा भाऊ रॉबर्ट याचं नावसुद्धा त्याच्या तोंडून वेगळंच यायचं. बाईंना वाटलं, हा मुद्दाम करतो. त्यांनी रॉबर्टच्याच हातावर अर्धी पेनी ठेवली आणि धाकट्या भावासाठी छडी विकत आणायला सांगितलं. रॉबर्टने ते नाणं भिंतीपलीकडे फेकलं आणि सरळ घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. आईने दोन्ही मुलांना त्या शाळेतून काढून घेतलं.

मुलांनो, ही गोष्ट तुमच्यासाठी आहे, तशीच आम्हा शिक्षकांसाठीही आहे. ज्या मुलाला नीट बोलता येत नाही म्हणून छडी मागवली गेली, त्याच मुलाची व्याख्यानं ऐकायला पुढे लंडनमधले मोठमोठे लोक गर्दी करायचे. वर्गात कुणाच्या आत काय दडलेलं आहे, हे एका उच्चारावरून ठरत नसतं.

रिबॉ यांचं दुकान

१८०४ साली, तेरा वर्षांचा असताना मायकेल कामाला लागला. ब्लँडफोर्ड स्ट्रीटवर जॉर्ज रिबॉ नावाच्या गृहस्थांचं पुस्तकविक्रीचं आणि पुस्तकबांधणीचं दुकान होतं. तिथे तो आधी निरोप्या म्हणून राहिला. घरोघरी वर्तमानपत्रं पोचवायची, हे त्याचं काम. पोरगा कामसू आहे हे बघून वर्षभरात रिबॉ यांनी त्याला सात वर्षांच्या उमेदवारीवर ठेवून घेतलं. त्या काळी उमेदवारीसाठी मुलाच्या घरच्यांनाच मालकाला पैसे भरावे लागत. रिबॉ यांनी ते घेतले नाहीत.

आता बांधणीचं काम म्हणजे काय, तर पानं जुळवायची, शिवायची, डिंक-खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा. बाकीची मुलं पुस्तकं बांधायची. मायकेल बांधायचा आणि वाचायचासुद्धा. एकदा त्याच्या हाती एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका या ज्ञानकोशाचा खंड आला. त्यातला विजेवरचा लेख वाचून तो थक्क झाला. दुसरं पुस्तक होतं जेन मार्सेट या बाईंचं. त्यांनी रसायनशास्त्र अगदी सोप्या संवादांत, एक शिक्षिका आणि दोन मुली गप्पा मारत आहेत अशा पद्धतीने लिहिलं होतं. मायकेलने नुसतं वाचलं नाही. खिशाला परवडतील तेवढे प्रयोग त्याने दुकानाच्या मागच्या बाजूला करून बघितले आणि पुस्तकात लिहिलंय तसं खरंच घडतं की नाही, याची खात्री करून घेतली. पुढे मोठा शास्त्रज्ञ झाल्यावरही तो मार्सेटबाईंना आपले शोधनिबंध आठवणीने पाठवायचा.

संध्याकाळी तो शहरात विज्ञानाची व्याख्यानं ऐकायला जाऊ लागला. एका व्याख्यानाला एक शिलिंग पडायचा. ते पैसे कुणी दिले माहीत आहे? भाऊ रॉबर्टने. तोही वडिलांसारखा लोहारकाम करत होता. वडील १८१० साली वारले होते. घरची ओढाताण असताना घणाचे घाव घालून मिळवलेल्या पैशातून भावाने भावाला विज्ञान ऐकायला पाठवलं. मायकेल तिथे टिपणं काढायचा, घरी येऊन ती नीट लिहायचा, आकृत्या काढायचा. आकृत्या चांगल्या याव्यात म्हणून रिबॉ यांच्याकडे राहणाऱ्या एका चित्रकाराकडून तो चित्रकलाही शिकला. मग तीच पानं स्वतःच्या हातांनी बांधायचा.

चार तिकिटं आणि एक वही

१८१२ साली दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने मायकेलला रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेतल्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. व्याख्याते होते सर हम्फ्री डेव्ही, त्या काळातले नावाजलेले रसायनशास्त्रज्ञ. मायकेल गॅलरीत बसला, एकेक शब्द टिपत गेला आणि घरी येऊन तीनशेहून अधिक पानांची सुंदर वही तयार केली. आकृत्यांसह, बांधणीसह!

त्याच वर्षी त्याने घरी एक बॅटरीही बनवली. अर्ध्या पेनीची सात तांब्याची नाणी, तेवढ्याच जस्ताच्या चकत्या आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद. एवढ्याशा सामानात वीज तयार झाली आणि तिने त्याने एका क्षाराच्या द्रावणाचं अपघटनही करून पाहिलं.

पण उमेदवारी संपली आणि त्याला दुसऱ्या एका मालकाकडे काम करावं लागलं. हा मालक तापट. मायकेलचं मन तिथे रमेना. त्याने रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं, विज्ञानाच्या क्षेत्रात कुठलंही काम द्या म्हणून. उत्तर आलं नाही. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. मायकेलने ती बांधलेली वही डेव्हींना पाठवली.

डेव्हींनी त्याला भेटायला बोलावलं. पण सल्ला दिला की बाबा रे, बांधणीचं काम सोडू नकोस, विज्ञानात पैसा नाही. पुढे थोड्याच दिवसांत प्रयोगशाळेतल्या मदतनिसाची कुणाशी तरी मारामारी झाली आणि त्याला काढून टाकलं. डेव्हींना वहीवाला मुलगा आठवला. १ मार्च १८१३ रोजी मायकेल फॅरेडे नोकरीवर रुजू झाला. आठवड्याला २५ शिलिंग पगार, इमारतीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, शिवाय कोळसा आणि मेणबत्त्या. काम म्हणजे बाटल्या धुणे, सामान मांडणे, प्रयोगात हाताखाली उभे राहणे. त्याला तेवढंच हवं होतं.

साहेबांबरोबर परदेशात

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डेव्ही पती-पत्नी युरोपच्या दौऱ्यावर निघाले. फॅरेडे त्यांच्याबरोबर मदतनीस म्हणून गेले. ऐन वेळी डेव्हींच्या खासगी नोकराने यायला नकार दिला, म्हणून त्याचीही कामं फॅरेडेंच्या गळ्यात पडली. दीड वर्षाच्या या प्रवासात त्यांनी पॅरिसमध्ये अँपिअर यांना पाहिलं, मिलानमध्ये व्होल्टा यांना पाहिलं. आज आपण विजेचा प्रवाह अँपिअरमध्ये आणि विभवांतर व्होल्टमध्ये मोजतो, तेच हे दोघे. फ्लॉरेन्सला मोठ्या भिंगाने ऊन एकवटून हिरा जाळण्याचा प्रयोगही त्यांनी डोळ्यांनी पाहिला.

पण डेव्हीबाई त्यांना नोकरासारखंच वागवायच्या. मानहानी इतकी व्हायची की सगळं सोडून घरी परत जावं असं त्यांना वाटायचं. मित्राला लिहिलेल्या पत्रांत त्यांनी हे दुःख मोकळं केलं आहे. तरी ते राहिले. समोर चालती-बोलती शाळा उघडली होती, ती त्यांना सोडवेना.

फिरणारी तार

१८२० साली डेन्मार्कच्या ऑर्स्टेड यांना दिसलं की तारेतून वीज गेली की शेजारची चुंबकसूची हलते. युरोपभर खळबळ उडाली. फॅरेडेंनी आधी इतरांनी केलेले सगळे प्रयोग स्वतः करून बघितले आणि सप्टेंबर १८२१ मध्ये आपला एक प्रयोग मांडला. भांड्यात पारा, पाऱ्यात उभा चुंबक आणि वरून लोंबणारी एक तार. तारेतून वीज सोडली आणि तार चुंबकाभोवती गोल गोल फिरू लागली. विजेपासून सतत फिरणारी गती! तुमच्या पंख्याची, मिक्सरची मोटार आहे ना, तिचा हा मूळ पूर्वज. त्या वेळी आनंदाने ते लहान मेहुण्याबरोबर टेबलाभोवती नाचले, असं सांगतात. त्याच वर्षी जूनमध्ये सारा बर्नार्ड यांच्याशी त्यांचं लग्न झालं होतं.

पण या आनंदात विरजण पडलं. वोलास्टन नावाचे ज्येष्ठ शास्त्रज्ञ अशाच विषयावर डेव्हींसोबत खटपट करत होते. फॅरेडेंनी घाईने निबंध छापला आणि त्यात वोलास्टन यांचा उल्लेख राहून गेला. झालं, चोरीचा आळ आला. फॅरेडेंचा प्रयोग वेगळा आणि स्वतःचा होता, पण बोलणाऱ्यांची तोंडं कोण धरणार? १८२४ मध्ये रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी त्यांचं नाव आलं, तेव्हा खुद्द डेव्हींनी विरोध केला. तरी ते निवडून आले, विरुद्ध फक्त एक मत पडलं. फॅरेडेंनी मात्र डेव्हींविषयी मनात कडवटपणा धरला नाही. ज्याने दार उघडून दिलं त्याच्याबद्दल ते आदरानेच बोलत राहिले.

२९ ऑगस्ट १८३१

आता फॅरेडेंच्या डोक्यात उलटा प्रश्न फिरत होता. विजेपासून चुंबकत्व मिळतं, मग चुंबकत्वापासून वीज का मिळू नये?

त्यांनी दहा वर्षांत अधूनमधून अनेक प्रयत्न केले. काही हाती लागलं नाही. पण गंमत बघा, काही मिळालं नाही हेसुद्धा त्यांनी वहीत लिहून ठेवलं. आपण चुकलेलं गणित खोडून टाकतो, पान फाडतो. ते फाडत नसत.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांनी सहा इंच व्यासाचं एक लोखंडी कडं घेतलं. त्याच्या एका बाजूला तांब्याच्या तारेचे वेढे, दुसऱ्या बाजूला वेगळ्या तारेचे वेढे. त्या काळी प्लास्टिकचं वेष्टण असलेली तार कुठून मिळणार? म्हणून वेढ्यांमध्ये सुतळी आणि थरांमध्ये सुती कापड घातलं. एका बाजूची तार बॅटरीला जोडायची आणि दुसऱ्या बाजूच्या तारेजवळ चुंबकसूची ठेवून बघायचं.

बॅटरी जोडली. सूची थरथरली आणि परत जागेवर आली. बॅटरी चालूच होती, पण सूची स्तब्ध. बॅटरी काढली. सूची पुन्हा हलली!

इथेच खरी मेख होती. वीज वाहत असताना काही होत नाही. ती सुरू होताना आणि बंद होताना, म्हणजे चुंबकत्व बदलत असताना, दुसऱ्या तारेत क्षणभर वीज निर्माण होते. इतके दिवस सगळे जण स्थिर चुंबकाकडे बघत बसले होते. उत्तर बदलात होतं. १७ ऑक्टोबरला त्यांनी तारेच्या पोकळ गुंडाळीत चुंबक आत-बाहेर सरकवला, तेव्हाही वीज मिळाली. त्याच महिन्याच्या शेवटी मोठ्या चुंबकाच्या टोकांमध्ये तांब्याची चकती फिरवून सतत वीज मिळवली. हे जगातलं पहिलं जनित्र. यालाच आपण विज्ञानाच्या पुस्तकात विद्युत चुंबकीय प्रवर्तन म्हणतो. अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनाही स्वतंत्रपणे हेच सापडलं होतं, पण फॅरेडेंचं काम आधी प्रसिद्ध झालं.

ते लोखंडी कडं म्हणजे आपल्या डीपीचं, म्हणजे रोहित्राचं, पहिलं रूप. सायकलचा डायनामो, इंडक्शनची शेगडी, तारेशिवाय चार्ज होणारा मोबाइल, सगळे याच तत्त्वावर चालतात. १९१५ साली खोपोलीला डोंगरावरून पाणी आणून वीज तयार झाली, पुढे कोयनेचं पाणी पोफळीच्या वीजगृहात टर्बाइन फिरवू लागलं. पाणी चक्र फिरवतं, चक्राबरोबर चुंबक फिरतो आणि तारेत वीज येते. सह्याद्रीच्या पोटात आज जे प्रचंड यंत्र फिरतं, त्याची सुरुवात त्या टेबलावरच्या थरथरणाऱ्या सुईतून झाली.

फॅरेडे इथेच थांबले नाहीत. द्रावणातून वीज नेली की पदार्थ किती प्रमाणात सुटे होतात याचे नियम त्यांनी मांडले. सोन्याचांदीचा मुलामा चढवण्याच्या कामात तेच नियम वापरतात. १८३६ मध्ये त्यांनी बारा फुटांची, धातूने मढवलेली मोठी खोली-पेटीच बनवली आणि बाहेरून विजेच्या ठिणग्या उडत असताना स्वतः आत जाऊन बसले. आत विजेचा मागमूस नव्हता. बंद मोटारीवर वीज कोसळली तरी आतले लोक बहुधा का वाचतात, आणि पत्र्याच्या लिफ्टमध्ये मोबाइलची रेंज का जाते, ते या फॅरेडे पिंजऱ्यावरून समजतं.

आठवण दगा देऊ लागते तेव्हा

१८४० च्या सुमारास फॅरेडेंची प्रकृती ढासळली. डोकं दुखायचं, चक्कर यायची आणि सगळ्यात वाईट म्हणजे आठवण राहीना. ज्याची सगळी पुंजी डोक्यात, त्याच्यासाठी याहून मोठं संकट कोणतं? काही वर्षं संशोधन जवळजवळ थांबलं. १८४१ मध्ये विश्रांतीसाठी ते पत्नीसह स्वित्झर्लंडला गेले. तिथे एका गावात खिळे तयार करणारे कारागीर त्यांना दिसले. तेव्हा रोजनिशीत त्यांनी आवर्जून नोंद केली की लोहाराचं दुकान आपल्याला फार आवडतं, कारण आपले वडील लोहार होते. जगभर नाव झालं होतं, पण भाता आणि ऐरण ते विसरले नव्हते.

अशा वेळी त्यांना कुणी सावरलं? पत्नी साराने, आणि वहीने. १८३२ पासून ते प्रयोगांच्या नोंदींना क्रमांक देत होते. आधी काय केलं ते आठवत नसेल, तर क्रमांक शोधायचा आणि वाचायचं. हे क्रमांक शेवटी १६,००० च्या पुढे गेले! आणि याच वहीच्या आधारावर १८४५ मध्ये ते पुन्हा उभे राहिले. चुंबकत्वाचा परिणाम प्रकाशावर होतो, हे त्यांनी एका जड काचेतून प्रकाश पाठवून दाखवलं. वीज, चुंबक आणि प्रकाश यांचं काहीतरी आतलं नातं आहे, हे त्यांना कळून चुकलं होतं.

गणित न येणारा शास्त्रज्ञ

तुम्ही मातीतून चुंबक फिरवून लोखंडाचा काळा कीस गोळा केला असेलच. फॅरेडे कागदावर असाच कीस पसरून खाली चुंबक धरायचे. कीस आपोआप कमानीसारख्या रेषांत मांडला जातो. त्यांनी या रेषांना बलरेषा म्हटलं आणि ठामपणे सांगितलं की चुंबकाची शक्ती फक्त चुंबकात नाही, त्याच्या भोवतीच्या रिकाम्या जागेतही पसरलेली आहे. बरेच गणिती शास्त्रज्ञ हे मानायला तयार नव्हते. सूत्र कुठे आहे, असं ते विचारत. सूत्र फॅरेडेंजवळ नव्हतं. होत्या फक्त आकृत्या आणि हजारो नोंदी.

मग जेम्स क्लार्क मॅक्सवेल हा तरुण आला. त्याने फॅरेडेंचं लेखन मन लावून वाचलं आणि त्यांच्या बलरेषांना गणिताची भाषा दिली. त्याचा निबंध वाचून फॅरेडेंना आनंद झाला. त्यांनी मॅक्सवेलला पत्र लिहून विचारलं की गणिताने निघालेले निष्कर्ष साध्या भाषेतही लिहिता येणार नाहीत का, म्हणजे आमच्यासारख्यांनाही ते प्रयोगाने तपासता येतील. पासष्टी ओलांडलेला जगप्रसिद्ध माणूस पंचविशीच्या तरुणाला मोकळेपणाने सांगतो की मला गणित कळत नाही!

मॅक्सवेलच्या समीकरणांतून विद्युत चुंबकीय लहरींचा अंदाज निघाला. हर्ट्झ यांनी त्या लहरी प्रयोगशाळेत दाखवल्या. आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्यात त्यांचं जाहीर प्रात्यक्षिक केलं. आज मोबाइलवर येणारा आईचा फोन याच लहरींवरून येतो. आणि ऐका, फॅरेडेंनी १८३२ मध्येच एक सीलबंद पाकीट रॉयल सोसायटीत ठेवलं होतं. शंभराहून अधिक वर्षांनी ते उघडलं, तेव्हा आत लिहिलेलं निघालं की चुंबकाचा परिणाम लहरींसारखा, वेळ घेत पसरत असावा.

टेबल कोण हलवतं?

१८५३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये एक खूळ पसरलं. लोक टेबलाभोवती बसायचे, टेबलावर हात ठेवायचे आणि टेबल आपोआप सरकायचं. आपल्याकडच्या प्लँचेटसारखंच हे. कुणी म्हणे आत्मे हलवतात, कुणी म्हणे वीज.

फॅरेडेंनी कुणाची टिंगल केली नाही. त्यांनी एक साधं साधन बनवलं. पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक, मध्ये मऊ चिकट गोळ्या. हात सगळ्यात वरच्या पुठ्ठ्यावर. टेबल स्वतः हलत असेल तर खालचा पुठ्ठा आधी सरकेल, हात ढकलत असतील तर वरचा. झालं काय? वरचा पुठ्ठा आधी सरकला. म्हणजे माणसंच नकळत ढकलत होती. नंतर त्यांनी हातांची हालचाल दाखवणारी गवताची काडी बसवली. काडी डोळ्यांसमोर ठेवली की टेबल हलायचंच बंद! फसवणारे लोक लबाड नव्हते, त्यांचे हातच त्यांना फसवत होते. फॅरेडेंना वाईट याचं वाटलं, की शिकलेले लोकही तपासून न बघता विश्वास ठेवतात. मोबाइलवर आलेला मेसेज पुढे ढकलण्याआधी ही गवताची काडी आठवा.

मुलांसाठी मेणबत्ती

उत्तम बोलता यावं म्हणून फॅरेडेंनी तरुणपणी पैसे भरून वक्तृत्वाची शिकवणी लावली होती. बोलताना वेग वाढला तर सावध करायला, हळू असं लिहिलेलं कार्ड ते समोर ठेवायला सांगत. नाताळच्या सुटीत मुलांसाठी विज्ञानाची व्याख्यानं रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सुरू झाली, त्यांपैकी तब्बल १९ वर्षांची व्याख्यानमाला एकट्या फॅरेडेंनी दिली. ही परंपरा आजही चालू आहे.

त्यातली सगळ्यात गाजलेली व्याख्यानं कशावर होती? साध्या मेणबत्तीवर! मेण वर कसं चढतं, ज्योत मध्ये काळपट का, ज्योतीतून पाणी कसं निघतं, आणि आपला श्वास म्हणजेसुद्धा मेणबत्तीसारखं मंद जळणंच कसं आहे. एका मेणबत्तीतून सहा व्याख्यानं. महागडी उपकरणं नसली तरी विज्ञान शिकवता येतं, हे शिक्षकांनी त्यांच्याकडून घ्यावं.

शेवटचे दिवस

रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद त्यांना देऊ केलं, त्यांनी ते नाकारलं. शेवटपर्यंत आपण साधा मायकेल फॅरेडेच राहावं, अशी त्यांची इच्छा होती. १८५८ मध्ये राणी व्हिक्टोरियाने त्यांना हॅम्प्टन कोर्ट येथे राहायला घर दिलं. तिथेच २५ ऑगस्ट १८६७ रोजी, आपल्या खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी शांतपणे प्राण सोडला. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या इच्छेप्रमाणे मोठ्या लोकांच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये नव्हे, तर लंडनच्या हायगेट दफनभूमीत साधेपणाने त्यांना निरोप दिला गेला. विद्युत धारितेच्या एककाला त्यांच्या नावावरून फॅरड म्हणतात. पंख्याच्या कंडेन्सरवर मायक्रोफॅरड लिहिलेलं असतं, जुना कंडेन्सर मिळाला तर वाचून बघा.

आपण काय घ्यायचं?

मित्रांनो, फॅरेडेंना गरिबी होती, उच्चार नीट नव्हते, गणित नव्हतं, पुढे स्मरणशक्तीही राहिली नाही. यातलं एकेक कारण आपल्याला माघार घ्यायला पुरेसं वाटतं. त्यांच्यापाशी रॉबर्टसारखा भाऊ, रिबॉ यांच्यासारखा मालक आणि एक वही होती. वहीने नोकरी मिळवून दिली, वहीने गेलेली आठवण परत दिली, आणि वहीतल्या आकृत्यांवरूनच मॅक्सवेलला सूत्रं सापडली. वर्गात जो सारखा हे असं का म्हणून विचारतो, त्याला हसू नका. आणि तो तुम्हीच असाल, तर विचारणं सोडू नका.

करून पाहा

१. बिघडलेल्या स्पीकरमधला चुंबक मोठ्यांच्या मदतीने काढून घ्या. मातीतून तो कागदात गुंडाळून फिरवा आणि लोखंडाचा कीस जमवा. जाड कागदावर कीस पसरा, खाली चुंबक धरा, हळूच टिचकी मारा. दिसलेल्या रेषा वहीत काढा.

२. मोठ्यांना जवळ बसवून मेणबत्ती लावा आणि विझवा. वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराला पेटती काडी लावा. ज्योत वातीवर उडी मारते का? का मारते, ते लिहा.

३. एक कोरी वही करा. वर तारीख, खाली काय केलं, काय दिसलं. काही दिसलं नाही, तर तेही लिहा. पान मात्र फाडू नका.